न विसरणाऱ्या माणसाचं छोटं पुस्तक

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं कुठलंही पाठ्यपुस्तक घ्या. स्मृतीच्या प्रकरणात तीन शब्द लगेच भेटतात: संकेतन (माहिती मनात घेणं), साठवण आणि प्रत्यानयन (ती परत आठवणं). पुढे हर्मन एबिंगहॉसचा 1885 सालचा विस्मरणाचा वक्र येतो, जॉर्ज मिलरचा 1956 सालचा ‘सात, अधिक-उणे दोन’ हा अल्पकालीन स्मृतीच्या मर्यादेचा आकडा येतो, अ‍ॅटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी 1968 साली मांडलेले स्मृतीचे तीन कप्पे येतात. आणि बऱ्याचदा पानाच्या कोपऱ्यात, वेगळ्या रंगाच्या चौकटीत, पाच-सात ओळींपुरता एक रशियन माणूस येतो. तो म्हणे काहीच विसरत नसे. परीक्षेला ती चौकट येत नाही, त्यामुळे पान उलटलं जातं.

त्या पाच-सात ओळींच्या मागे एक सबंध पुस्तक उभं आहे, आणि मानसशास्त्रात आजवर लिहिल्या गेलेल्या सर्वांत सुंदर पुस्तकांपैकी ते एक आहे, असं माझं ठाम मत आहे. अलेक्सांद्र लुरिया यांनी ते लिहिलं आणि 1968 साली ते मॉस्कोत प्रसिद्ध झालं. रशियन शीर्षकाचा अर्थ ‘विशाल स्मृतीविषयी छोटंसं पुस्तक’ असा होतो. त्याच वर्षी आलेल्या इंग्रजी भाषांतरामुळे जग त्याला ‘द माइंड ऑफ अ नेमॉनिस्ट’ या नावाने ओळखतं. ज्या वर्षी अमेरिकेत स्मृतीचे कप्पे आखले जात होते, त्याच वर्षी मॉस्कोत एका माणसाची गोष्ट छापली जात होती. स्मृती समजून घ्यायची तर दोन्ही हवीत. पण कप्पे सगळ्यांना पाठ असतात आणि गोष्ट फार थोड्यांनी वाचलेली असते.

गोष्टीची सुरुवात अगदी साधी आहे. 1920 चं दशक. लुरिया नुकतेच कामाला लागलेले तरुण मानसशास्त्रज्ञ. एका वर्तमानपत्राचा संपादक रोज सकाळी बातमीदारांना कामं वाटून देत असे: कुठे जायचं, कुणाला भेटायचं, काय विचारायचं. बाकीचे टिपून घेत. एक जण मात्र हातात कागद-पेन्सिल न घेता नुसता ऐकत बसायचा. लक्ष नाही म्हणून संपादकाने त्याला झापायला सुरुवात केली, तर त्याने सगळ्या सूचना पत्त्यांसह जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. चकित झालेल्या संपादकाने त्याला मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठवून दिलं. हा सॉलोमन शेरेशेव्हस्की. लुरिया पुस्तकभर त्याला नुसतं ‘श.’ म्हणतात. आपल्यात काही वेगळं आहे याची श.ला कल्पनाच नव्हती. सगळ्यांनाच असं आठवत असणार, असं तो धरून चालला होता.

लुरियांनी त्याला तीस शब्द दिले. मग पन्नास, मग सत्तर. शब्द, आकडे, निरर्थक अक्षरजोड्या, काहीही. दोन शब्दांमध्ये तीन-चार सेकंदांची उसंत मिळाली की श.ला पुरे. मग तो सगळी यादी म्हणायचा, उलटी म्हणायचा, मधल्या एखाद्या शब्दाच्या अलीकडचा-पलीकडचा शब्द सांगायचा. पन्नास आकड्यांचा तक्ता सुमारे तीन मिनिटं न्याहाळून चाळीस सेकंदांत परत म्हणायचा, हवा तर उभा, हवा तर तिरपा. आणि इथे लुरिया एक कबुली देतात, जिच्यामुळे हे पुस्तक बाकीच्या प्रयोग-अहवालांपासून वेगळं होतं. एखाद्याच्या स्मृतीची क्षमता मोजणं हे मानसशास्त्रज्ञासाठी सर्वांत सोपं काम, आणि तेच आपल्याला जमलं नाही, असं ते सांगतात. मर्यादा सापडली तर मोजमाप होणार. इथे मर्यादाच सापडेना.

एखादा दुसरा अभ्यासक इथे विक्रमांची यादी करत बसला असता. लुरियांनी मोजणं सोडलं आणि प्रश्न बदलला. किती आठवतं हे बाजूला ठेवून ‘कसं आठवतं’ हे विचारलं, आणि त्याहून पुढे जाऊन, असं आठवणाऱ्या माणसाचं जगणं कसं असतं हे विचारलं. जवळपास तीस वर्षं ते हा प्रश्न त्याच एका माणसाला विचारत राहिले. प्रकरणांचा क्रमही याच वळणाने जातो: आधी त्याची स्मृती, मग त्याचं जग, मग त्याची बुद्धी, मग स्वतःच्या शरीरावरचा त्याचा ताबा, आणि शेवटी त्याचं व्यक्तिमत्त्व. पुस्तकाची सगळी कला या क्रमात आहे. वाचक आश्चर्याने आत शिरतो आणि पानागणिक त्या आश्चर्याची किंमत त्याला कळत जाते.

श. लक्षात कसं ठेवायचा? प्रत्येक आवाज त्याला दिसायचा, चाखता यायचा, अंगाला जाणवायचा. प्रयोगशाळेत पन्नास हर्ट्झचा एक सूर वाजवला तर त्याला काळोखावर तपकिरी पट्टा दिसला, त्याला लाल जिभांसारख्या कडा होत्या, आणि जिभेवर आंबटगोड बोर्श्ट सुपाची चव आली. मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की त्याच्याशी बोलले तेव्हा त्यांचा आवाज त्याला पिवळा आणि भुसभुशीत वाटला. सिनेदिग्दर्शक सर्गेई आयझेन्स्टाइन यांचा आवाज ऐकताना तंतुतंतूंची एक ज्वाळा आपल्याकडे सरकते आहे असं त्याला दिसलं. आकडेही त्याच्यासाठी माणसंच. एक म्हणजे ताठ मानेचा रुबाबदार पुरुष, सहा म्हणजे पाय सुजलेला, सात म्हणजे मिशीवाला, आठ म्हणजे लठ्ठ बाई. साहजिकच सत्त्याऐंशी हा आकडा आला की त्याला एक जाडजूड बाई आणि शेजारी मिशीला पीळ देणारा गृहस्थ दिसायचा. पाठ्यपुस्तक ज्याला संकेतन म्हणतं ते तुमच्याआमच्यात नकळत, थोडक्यात होऊन जातं. श.च्या बाबतीत तेच इतकं ठळक आणि इतकं उघड्यावर घडतं, की लुरियांच्या या पानांइतकं ते मला दुसरीकडे कुठेच समजलेलं नाही.

यादी लांब असली की तो मनातल्या मनात फिरायला निघायचा. बहुधा मॉस्कोच्या मायाकोव्हस्की चौकातून गोर्की रस्त्याला लागायचा आणि प्रत्येक शब्दाचं चित्र कुठेतरी ठेवत जायचा: एखाद्या फाटकाशी, एखाद्या दुकानाच्या खिडकीत, एखाद्या कुंपणाजवळ. परत म्हणायचं तेव्हा त्याच वाटेने चालत जाऊन एकेक वस्तू पाहायची. उलटं म्हणायचं तर दुसऱ्या टोकाकडून यायचं. ही युक्ती नवी नाही. रोमन वक्ते भाषणं अशीच पाठ करत आणि सिसेरोने तिचं श्रेय सिमोनाइडीझ या ग्रीक कवीला दिलं आहे. लुरियांनी मात्र इथे एक तपशील टिपला आहे: गोर्की रस्त्यावरून निघालेला श. कितीदा तरी, कसा ते त्यालाही न कळता, तोर्झोक या आपल्या गावी, लहानपणच्या घराशी येऊन पोहोचायचा. तंत्राचं वर्णन करता करता ते माणसाचं वर्णन होऊन जातं. लुरिया त्यावर भाष्य करत नाहीत. पुढे जातात.

आता ज्या पानांसाठी मी हे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडते, ती पानं श.च्या चुकांविषयी आहेत. क्वचित, अगदी क्वचित, यादीतला एखादा शब्द त्याच्याकडून राहून जाई. आपण यादी आठवतो तेव्हा सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द टिकतात आणि मधले गळतात. पाठ्यपुस्तकात याचा खोलगट आलेख असतो. श.च्या चुका या आलेखात कुठेच बसत नव्हत्या. मग लुरियांनी त्यालाच विचारलं, आणि उत्तर मिळालं. ‘पेन्सिल’ राहिली, कारण तिचं चित्र त्याने कुंपणाला लागून ठेवलं होतं आणि ती कुंपणाच्या फळ्यांत मिसळून गेली. ‘अंडं’ राहिलं, कारण ते पांढऱ्या भिंतीपुढे ठेवलं गेलं. पांढऱ्यावर पांढरं कसं दिसणार? करडं हवाई जहाज करड्या फरसबंदीत हरवलं. म्हणजे तो विसरला नव्हता. जाता जाता त्याला ते दिसलं नव्हतं. लुरियांचा निष्कर्ष असा की या चुका स्मृतीच्या नव्हेत, दृष्टीच्या आहेत. आणि पुढे श.ने त्यावर उपायही काढला: अंडं मोठं करायचं, वाटेत अंधार असेल तिथे दिवा लावायचा.

या एका उताऱ्यात लुरियांची सगळी रीत दिसते. आधी नोंद, मग त्याच माणसाला प्रश्न, मग त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत आणि तारखेसह, आणि सर्वांत शेवटी एखाद-दुसऱ्या वाक्यात शास्त्र. कुठलाही सिद्धान्त त्या माणसावर लादलेला नाही. श.ची तुटक, अडखळती, मध्येच सुटून दुसरीकडे जाणारी वाक्यं लुरियांनी तशीच ठेवली आहेत. अंडं आणि भिंत ही दोन चित्रं इतकी साधी आहेत की शाळकरी मुलालाही समजतील, आणि तरी स्मृती आणि संवेदन यांची सीमा कुठे असते हा मोठा प्रश्न त्यांनी उभा केला आहे.

दुसरा उतारा आकड्यांच्या एका तक्त्याचा. पहिल्या ओळीत 1, 2, 3, 4. दुसरीत 2, 3, 4, 5. तिसरीत 3, 4, 5, 6. आणि असंच पुढे. तुम्ही-आम्ही पहिल्या दोन ओळी पाहिल्या की बाकीचा तक्ता न पाहताच सांगू. श.ने तो बिनचूक म्हटला, पण नेहमीच्या कष्टाने, एकेका आकड्याचं चित्र मांडून. आकडे क्रमाने चढत गेले आहेत हे त्याच्या लक्षातच आलं नाही. एकदा त्याने गणितातल्यासारखं दिसणारं एक लांबलचक निरर्थक सूत्र सात मिनिटांत पाठ केलं होतं, त्यातल्या चिन्हांची एक गोष्ट रचून, ज्यात नाइमान नावाचा गृहस्थ येऊन जमिनीत काठी रोवतो आणि वर्गमुळाच्या चिन्हासारख्या उंच झाडाकडे पाहतो. पंधरा वर्षांनी अचानक विचारलं तर तेही तो बिनचूक म्हणाला. निरर्थकाला त्याने गोष्ट दिली आणि जिथे अर्थ उघड होता तिथे तो त्याला दिसला नाही. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की हा माणूस कळू लागतो.

आपल्या वेदपाठी परंपरेतही अफाट पाठांतर आहे, पण त्याची वाट वेगळी आहे. पदपाठात शब्द सुटे केले जातात, क्रमपाठात ते जोडीजोडीने म्हटले जातात आणि जटापाठ, घनपाठ यांत त्यांची पुढे-मागे फिरवाफिरव करून क्रम पक्का केला जातो. तिथे आधार स्वराचा आणि वर्षानुवर्षं गुरूसमोर बसून केलेल्या आवृत्तीचा असतो. श.चा आधार चित्राचा. आवृत्तीची त्याला गरज नव्हती, निदान लुरियांच्या प्रयोगशाळेत तरी. पुढे नातेवाइकांकडून जी माहिती बाहेर आली तिच्यावरून दिसतं की रंगमंचावरच्या कार्यक्रमांसाठी तो तासन्‌तास सराव करत असे. त्यामुळे माझ्या मनातली या पुस्तकाची किंमत कमी होत नाही. उलट, कष्ट करणारा श. मला जास्त खरा वाटतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची यादी विचारली की श. डोळे मिटायचा आणि आधी खोली आठवायचा: तेव्हा आपण कुठे बसलो होतो, समोरचा माणूस कुठल्या खुर्चीत होता, त्याच्या अंगावर कुठले कपडे होते. मग यादी सुरू. प्रत्यानयनाचा धडा शिकवताना याहून चांगलं उदाहरण नाही. गॉडन आणि बॅडली यांनी 1975 साली पाणबुड्यांवर प्रयोग केला. पाण्याखाली शिकलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवतात आणि काठावर शिकलेले काठावर, असं त्यांना आढळलं. जागा आणि आठवण एकमेकींना बांधलेल्या असतात हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. श.च्या मिटलेल्या डोळ्यांतून ते आधीच दिसलं होतं.

स्मृतीच्या प्रकरणातला ‘विसरण्याची कला’ हा भाग पुस्तकाचा कणा आहे. श.ने नोकऱ्या सोडून स्मरणशक्तीचे कार्यक्रम करायला सुरुवात केली. एका संध्याकाळी एकापाठोपाठ अनेक खेळ, तोच फळा, तेच सभागृह. अडचण अशी की मघाच्या खेळातले आकडे आताच्या फळ्यावर दिसायला लागायचे. जुनं शिकलेलं नव्याच्या आड येतं, हे विस्मरणाच्या कारणांत प्रत्येक विद्यार्थी लिहितो. श.साठी ते पोटापाण्याचं संकट होतं. त्याने मनातल्या मनात फळ्यावर कापड टाकून पाहिलं. मग लोक लक्षात ठेवायला लिहितात तर आपण विसरायला लिहावं, असं ठरवलं. कागदावर आकडे लिहून कागद फेकून दिला. उपयोग झाला नाही. शेवटी कागद जाळले, तर जळून काळ्या झालेल्या पापुद्र्यावरही आकडे दिसत राहिले. हे वाचताना पोटात तुटतं. विसरावं म्हणून धडपडणारा हा माणूस आणि विद्यार्थ्यांच्या वहीत उतरत जाणारा एबिंगहॉसचा वक्र एकाच प्रकरणात राहतात, आणि त्या वक्रामुळे आपण किती सुखी आहोत हे हा माणूस सांगतो. मग एका एप्रिल महिन्यातल्या संध्याकाळी, तीन कार्यक्रमांनी थकलेला असताना, चौथ्याच्या धास्तीत, त्याला अचानक उमगलं की आपल्याला नको असेल तर तक्ता समोर येत नाही. त्या दिवसापासून त्याला मोकळं वाटलं. हे कसं घडलं ते त्याला सांगता आलं नाही आणि लुरियांनीही समजल्याचा आव आणलेला नाही.

याच्या पुढची प्रकरणं वाचताना मला सतत ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट आठवतो. 1932 सालच्या आपल्या पुस्तकातल्या प्रयोगांत त्याने केंब्रिजच्या वाचकांना एक मूळ अमेरिकन लोककथा सांगायला लावली होती. सांगता सांगता होडक्यांचं रूप बदललं, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, न समजलेले तपशील गळाले. आपण आठवतो तेव्हा नव्याने रचतो, हे बार्टलेटने दाखवलं. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट पुष्कळदा दोष म्हणून येते: स्मृती बेभरवशाची, साक्षीदार चुकतो, वगैरे. ते खरंच आहे. पण लुरियांचं पुस्तक त्याची दुसरी बाजू उघडतं. तपशील गळतात म्हणून आपल्याला गोष्ट कळते. श.चे तपशील गळतच नव्हते. काम सुरळीत सुरू झालं, अशा अर्थाचं सरळ वाक्य वाचलं तरी एका शब्दावर त्याला काम दिसायचं आणि दुसऱ्यावर गुलाबी गालांची धडधाकट बाई उभी राहायची, आणि दोन चित्रं जुळवता जुळवता वाक्य हातचं निसटायचं. शब्द तोलून बोलावं असं कुणी म्हटलं की त्याला दुकानातला तराजू दिसे. कविता त्याला सर्वांत अवघड, कारण तिथे प्रत्येक शब्द दुसरंच काहीतरी सुचवत असतो आणि त्याला मात्र पहिलंच चित्र सोडता येत नसे. माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत. चेहरा क्षणाक्षणाला बदलतो, आणि त्याला प्रत्येक क्षणाचा वेगळा चेहरा दिसायचा. आइस्क्रीमवालीला त्याने काय आहे म्हणून विचारलं, तर तिच्या उत्तराच्या सुरातून काळ्या कोळशांचा ढीग बाहेर पडला आणि त्याला ते घेववेना.

आर्जेन्टिनाचा होर्हे लुईस बोर्हेस याने 1942 साली अशाच एका माणसाची कथा लिहिली होती. तिचा फुनेस काहीच विसरू शकत नाही आणि म्हणून विचार करू शकत नाही. ती कथा विलक्षण आहे. पण मला लुरियांचं पुस्तक अधिक भिडतं, कारण फुनेस ही एक कल्पना आहे, आणि श. खटल्यासाठी न्यायालयात जातो, मनात आधीच रंगवलेल्या खोलीत न्यायाधीश दुसऱ्याच बाजूला बसलेले पाहून गोंधळतो आणि खटला हरतो.

एका ठिकाणी माझं लुरियांशी जुळत नाही. शेवटच्या प्रकरणात श.चं सगळं आयुष्य ते त्याच्या स्मृतीतून उलगडतात: अनेक नोकऱ्या बदलणं, काहीतरी मोठं घडेल म्हणून वाट पाहत राहणं, स्वप्नापेक्षा प्रत्यक्षालाच धूसर मानणं. तोर्झोकच्या ज्यू कुटुंबातून आलेल्या, लहानपणी व्हायोलिनमध्ये चमकलेल्या आणि कानाच्या आजाराने संगीत सोडावं लागलेल्या माणसाचं आयुष्य त्या काळात, त्या देशात आणखीही पुष्कळ गोष्टींनी घडलं असणार. त्या या पानांत येत नाहीत. पण हे प्रकरण लिहिलंच नसतं तर श. एक चमत्कार म्हणून राहिला असता. ते लिहिलं म्हणून तो माणूस झाला, आणि पुढे ऑलिव्हर सॅक्ससारख्या डॉक्टर-लेखकाला रुग्णाची गोष्ट कशी लिहावी याचा धडा इथे मिळाला. लुरिया स्वतः या प्रकारच्या लेखनाला रोमँटिक विज्ञान म्हणत. सजीव माणसाचे तुकडे करून नियम काढणं एक आणि नियम काढतानाही माणूस अखंड ठेवणं दुसरं. हे दुसरं काम किती अवघड आहे ते हे पुस्तक वाचल्यावर कळतं.

मानसशास्त्र शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. स्मृतीचा धडा संपला की वर्गात हे पुस्तक वाचायला घ्या. दीडशेच्या आसपास पानांचं आहे, भाषा सोपी आहे. आकड्यांच्या तक्त्यांपाशी थांबू नका. ते पहिल्या भागात आहेत, आणि श.ची खरी गोष्ट त्यांच्यानंतर सुरू होते.